‘पहिल्यासारखं’ म्हणजे नेमकं कसं?

वाद्यदुरुस्तीचे दुकान असो, जुने कॅमेरे उघडून बसणाऱ्याची खोली असो किंवा शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचे टेबल, गिऱ्हाईक वस्तू पुढे ठेवते आणि एक वाक्य हमखास बोलते, ‘पहिल्यासारखं करून द्या.’ कारागीर मान डोलावतो, पावती करतो आणि वस्तू कपाटात ठेवतो. दोघांनाही वाटते की बोलणे पूर्ण झाले. पुढचा बहुतेक मनस्ताप या तीन शब्दांतून निघतो, कारण ‘पहिल्यासारखं’ याचा अर्थ दोघांच्या मनात वेगळा असतो.

अनेक घरांत घडणारा एक प्रसंग घेऊ. वडील हौसेने पेटी वाजवत. ते गेल्यावर पेटी काही वर्षे माळ्यावर राहिली. आता मुलाला किंवा मुलीला निवृत्तीनंतर वेळ मिळाला आणि पेटी खाली आली. भाता हवा धरत नाही, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, एक सूर आपोआप वाजत राहतो. पेटी दुकानात जाते. कारागीर मनापासून काम करतो. भात्याचे कापड आणि कातडे बदलतो, झिजलेल्या पट्ट्यांवर नवे तुकडे चिकटवतो, सगळे सूर एका पट्टीत लावतो आणि आपल्याकडून भेट म्हणून लाकडाला चकचकीत पॉलिशही करतो. पेटी घ्यायला आलेल्या माणसाचा चेहरा मात्र उतरतो. वडिलांच्या बोटांनी पट्ट्यांवर पडलेले खळगे गेलेले असतात. झाकणाच्या कडेवरचा कपाच्या बुडाचा गोल डाग गेलेला असतो. ‘अहो, ही आमची पेटी राहिलीच नाही,’ असे शब्द तोंडून निघतात. कारागीर दुखावतो. त्याने तर सांगितल्यापेक्षा जास्त काम केलेले असते.

यात लबाडी कोणीच केलेली नाही. तरी एकाला फसवले गेल्यासारखे वाटते आणि दुसऱ्याला कष्ट वाया गेल्यासारखे. असे का होते, याचे उत्तर आपल्या मेंदूच्या काही सवयींत सापडते.

आपली झाली की मोलाची झाली

वस्तू आपल्या मालकीची झाली की तिचे मोल आपल्या मनात वाढते, हे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० साली मांडले. १९९० मध्ये डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि थेलर यांनी त्याचे साधे प्रयोग प्रसिद्ध केले. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि उरलेल्यांना विचारले, हा मग केवढ्याला घ्याल? ज्यांना मग मिळाले होते त्यांना विचारले, केवढ्याला विकाल? मग हातात येऊन काही मिनिटेच झाली होती. तरीही विकणाऱ्यांची अपेक्षा घेणाऱ्यांच्या तयारीच्या सुमारे दुप्पट निघाली.

काही मिनिटांच्या मगाची ही गत असेल, तर चाळीस वर्षे घरात असलेल्या पेटीची किंवा कॅमेऱ्याची काय असेल? म्हणून कारागीर जेव्हा सरळपणाने सांगतो, ‘साहेब, एवढ्या पैशांत दुसरी येईल,’ तेव्हा तो गिऱ्हाइकाचे पैसे वाचवू पाहत असतो. ऐकणाऱ्याला मात्र तो वडिलांचा अपमान वाटतो. बाजारातली किंमत आणि मनातली किंमत यांत पहिली ठिणगी इथेच पडते.

ब्रिस्टल विद्यापीठाचे ब्रूस हूड आणि अमेरिकेतले पॉल ब्लूम यांनी २००८ साली एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांना त्यांनी एक ‘नक्कल करणारे यंत्र’ दाखवले. एका पेटाऱ्यात वस्तू ठेवायची, दिवे लुकलुकायचे आणि दुसऱ्या पेटाऱ्यात हुबेहूब तशीच वस्तू निघायची. अर्थात ती हातचलाखी होती. साध्या खेळण्याच्या बाबतीत मुलांना नक्कलही चालत होती. पण ज्या मुलांची रोज कुशीत घेऊन झोपायची बाहुली किंवा गोधडी होती, त्यांना स्वतःचीच वस्तू परत हवी होती. काही मुलांनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही. दिसायला, स्पर्शाला सगळे तेच असले तरी ‘ती’ वस्तू ती नव्हे, ही जाणीव आपल्यात फार लहानपणी येते आणि पुढे जात नाही. वडिलांची पेटी आणि तसलीच दुसरी पेटी यांतला फरक कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही. माणसाला मात्र तो ठामपणे जाणवतो.

हातांची आठवण

हे सगळे केवळ भावनेचे आहे, असे म्हणून सोडून देणे बरोबर होणार नाही. दुरुस्तीनंतर ‘हात बसत नाही’ अशी जी तक्रार येते, तिला शरीराचा आधार आहे.

वाद्य वाजवणे, सायकल चालवणे, सुईत दोरा ओवणे या गोष्टी आपण शब्दांत लक्षात ठेवत नाही. ही कौशल्याची स्मृती वेगळी असते आणि मेंदूचे वेगळे भाग ती सांभाळतात. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी हेन्री मोलेसन या रुग्णाचा अनेक वर्षे अभ्यास केला. मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवीन प्रसंग लक्षात राहत नसत. आरशात बघून आकृती गिरवण्याचा सराव मात्र दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे काल केले होते, हे त्याला आठवत नव्हते. हाताला ते आठवत होते.

अवजार नेहमी वापरले की मेंदू ते आपल्या शरीराच्या नकाशात धरू लागतो. जपानी संशोधक अत्सुशी इरिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांना दाताळ्याने खाऊ ओढायला शिकवले. हाताजवळच्या जागेची नोंद घेणाऱ्या मेंदूतल्या काही पेशी सरावानंतर दाताळ्याच्या टोकापर्यंतच्या जागेला प्रतिसाद देऊ लागल्या. जणू हातच तेवढा लांब झाला होता.

आता जुन्या पेटीचा विचार करा. पट्टी किती खोल दाबली की सूर उमटतो, स्प्रिंग किती जोर मागते, भात्याला किती हलके रेटायचे, हे सगळे वाजवणाऱ्याच्या बोटांत साठलेले असते. दुरुस्तीत नव्या, ताठ स्प्रिंगा बसल्या की यंत्राच्या दृष्टीने काम उत्तम झाले. बोटांच्या दृष्टीने मात्र कोणीतरी घराच्या जिन्याची एक पायरी थोडी उंच केली आहे. पाय अडखळणारच.

वासाचेही तसेच आहे. इतर इंद्रियांचे संदेश मेंदूतल्या थॅलॅमस या टप्प्यावरून पुढे जातात. वासाची वाट जवळची आहे. नाकातून निघालेला संदेश भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोहोचतो. जुने लाकूड, कातडे, कॅमेऱ्याच्या केसचा वास यांनी एकदम कोणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखे वाटते ते त्यामुळे. ताज्या पॉलिशने हा वास झाकला जातो. कारागिराच्या हिशेबात वास हा दुरुस्तीचा भागच नसतो.

गेलेल्यांशी नाते

जवळचे माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंपासून हळूहळू मन काढून घ्यावे, दुःखातून बाहेर पडायचा तोच मार्ग, असे पूर्वी बरेच तज्ज्ञ मानत. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या पुस्तकाने या समजुतीला धक्का दिला. गेलेल्या माणसाशी नाते मनात चालू ठेवणे हे आजाराचे लक्षण नाही, पुष्कळांना त्याचा आधारच होतो, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे आईची साडी गोधडीत शिवणाऱ्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

छंदाच्या वस्तूत या नात्याला एक वेगळी बाजू असते. घड्याळ किंवा चष्मा जपून ठेवता येतो. पेटी वाजवता येते, कॅमेऱ्याने फोटो काढता येतात, मशीनवर शिवता येते. गेलेल्या माणसाने जे केले तेच आपल्या हातांनी पुन्हा करता येते. वस्तू चालू अवस्थेत असण्याला म्हणूनच महत्त्व आहे.

आरोग्याच्या दृष्टीनेही ती चालू असलेली बरी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील ९३,२६३ लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. छंद असणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे कमी आणि आयुष्याविषयीचे समाधान जास्त आढळले. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण ठामपणे सिद्ध करत नाही. मुळात तब्येत आणि मन बरे असलेल्यांनाच छंद जमत असेल, हीही शक्यता उरते. तरी निवृत्त माणसाची पेटी माळ्यावरून खाली येणे ही घरादारासाठी चांगली बातमी आहे. दुरुस्तीतल्या गैरसमजामुळे ती पुन्हा माळ्यावर गेली, तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या पैशांचे नसते.

टेबलाच्या पलीकडून

आता कारागिराच्या खुर्चीत बसून बघू. त्याच्यासमोर येते ती एक बिघडलेली वस्तू. तिच्यात कोणाच्या आठवणी कुठे आहेत, हे त्याला दिसण्याचा मार्ग नाही. झिजलेली पट्टी त्याला झीज दिसते आणि कडेवरचा डाग त्याला डाग दिसतो. त्याच्या धंद्यात चांगले काम म्हणजे झीज आणि डाग घालवणे.

गिऱ्हाईक हे सांगत का नाही? कारण त्याला ते सांगितल्यासारखेच वाटत असते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली आपल्या प्रबंधासाठी केलेला प्रयोग इथे फार उपयोगी आहे. काही जणांनी सर्वांना माहीत असलेली गाणी टेबलावर नुसती बोटाने वाजवायची आणि समोरच्याने ती ओळखायची. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणे, शब्द आणि चाल चालू होती. ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येत होती. एकदा माहीत झालेली गोष्ट ‘समोरच्याला माहीत नाही’ अशी कल्पना करणे मेंदूला जड जाते.

‘पहिल्यासारखं करून द्या’ ही अशीच टकटक आहे. बोलणाऱ्याच्या मनात त्याचा एक अर्थ असतो, पण त्याचे निदान तीन अर्थ होतात. दुकानातून आणली तेव्हा होती तशी? बाबा वाजवत तेव्हा होती तशी? की गेल्या महिन्यात बिघडण्यापूर्वी होती तशी? कारागीर बहुधा पहिला अर्थ धरतो. गिऱ्हाइकाला बहुधा दुसरा हवा असतो.

कारागीरही उलट बाजूने हीच चूक करतो. ‘जवारी काढावी लागेल’, ‘रीड घासावी लागेल’, ‘शटर खोलावे लागेल’ असे तो म्हणतो आणि समोरच्याला समजले असे धरतो. गिऱ्हाईक अज्ञान दिसू नये म्हणून ‘बरं, करा’ म्हणते. नेमके काय कायमचे बदलणार आहे, हे त्याला कळलेलेच नसते.

घासलेले परत येत नाही

तंबोऱ्याचे उदाहरण घ्या. तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा भाग किंचित गोलाईदार असतो आणि तार त्याला अलगद स्पर्श करत थरथरते. त्यातून तो भरलेला, गुंजणारा नाद येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१च्या सुमारास कोलकात्यात वीणा आणि तंबोऱ्याचा अभ्यास केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते त्यानुसार काही उपस्वर ऐकूच येऊ नयेत असे तेव्हाचा नियम सांगत होता. या वाद्यांत ते स्पष्ट ऐकू येत होते आणि त्याचे कारण घोडीच्या विशिष्ट घडणीत होते. ही गोलाई वर्षानुवर्षे तारांच्या घर्षणाने बिघडते, खाचा पडतात. कारागीर ती घासून पुन्हा नीट करतो, यालाच जवारी काढणे म्हणतात.

आता ‘आवाज गोड करा’ असे सांगितले तर कारागिराने काय समजायचे? कोणाला खुली, झणझणीत जवारी गोड वाटते, कोणाला बंद, मऊ. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्ये बनवणारी घराणी आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा जाणत्या हातालासुद्धा गिऱ्हाइकाच्या कानातला नाद ऐकू येणार नाही. तो वाजवून दाखवावा लागतो, नाहीतर जुने ध्वनिमुद्रण ऐकवावे लागते.

पेटीच्या रीडचेही असेच. पितळी पाते मोकळ्या टोकाला घासले की हलके होते आणि सूर चढतो. मुळाशी घासले की लवचीक होते आणि सूर उतरतो. सूर लावताना असे धातूचे बारीक कण निघून जातात आणि ते परत बसवता येत नाहीत. जुनी पेटी आजच्या प्रमाणापेक्षा थोडी चढी किंवा उतरी असू शकते. ती तशीच ठेवून आपापसांत सुरेल करायची की आजच्या तबल्याशी, कीबोर्डशी जुळेल अशी करायची, हा निर्णय मालकाचा आहे. विचारले नाही तर तो कारागीर घेतो, कारण कोणीतरी घ्यावाच लागतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत गैरसमज आणखी वेगळ्या वाटेने येतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालत. पाऱ्यामुळे होणाऱ्या प्रदूषणापायी ते सेल बाजारातून गेले. आज त्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो आणि अनेक मॉडेलांत मापक चुकीचा आकडा दाखवतो. मालक म्हणतो, ‘दुरुस्त केला, तरी चुकतोच.’ कारागीर म्हणतो, ‘मी शटर दुरुस्त केले, ते बरोबर आहे.’ दोघेही खरे बोलत असतात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत भिंगावर चढलेली बुरशीही अशीच. ती पुसता येते. पण तिने काचेवर खोलवर ठसा सोडला असेल तर तो पुसून जात नाही. ‘साफ करतो’ आणि ‘नव्यासारखी होईल’ यांत फरक आहे, आणि तो काम सुरू करण्यापूर्वीच सांगायला हवा.

जुन्या इमारती आणि वस्तू जपणाऱ्यांनी या पेचावर बराच विचार केला आहे. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेत ऐतिहासिक वास्तूंसाठी काही तत्त्वे ठरली. जिथे नुसता अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे. नवा घातलेला भाग एकूण रूपात मिसळावा, पण जुन्यापासून ओळखू यावा. संग्रहालयांत त्यासोबत आणखी एक नियम पाळतात. होईल तितके कमी करावे आणि जे करावे ते शक्यतो उद्या उलटवता येईल असे करावे. घरची पेटी काही संग्रहालयातली नाही, ती वाजली पाहिजे. तरी ‘हे उलटवता येईल का?’ हा प्रश्न घरच्या वस्तूलाही लागू पडतो. भात्याचे कातडे बदलले तर पुढेही बदलता येईल. जुने पॉलिश खरवडून काढले तर ते संपले.

बिघाड यंत्रात की आपल्यात?

आरोग्याच्या स्तंभात एक गोष्ट सांगायलाच हवी. दुरुस्ती चोख झाली, दुसऱ्या जाणकारानेही वाजवून पाहिले, तरी ‘आवाजात ती धार नाही’ अशी तक्रार राहते, तेव्हा कान तपासून घ्यावेत. वयाबरोबर येणाऱ्या श्रवणऱ्हासात आधी उंच कंपनसंख्येचे आवाज कमी ऐकू येतात. वाद्याच्या आवाजाची चमक मुख्यतः त्या वरच्या कंपनांत असते. ती हळूहळू इतकी कमी होते की माणसाला स्वतःत बदल झाल्याचे कळत नाही, वाद्यच मंद झाल्यासारखे वाटते. घरचे लोक टीव्हीचा आवाज मोठा असल्याची कुरकुर करत असतील, तर शंका आणखी बळावते.

कॅमेऱ्यातून धूसर दिसते, भिंग साफ करूनही रंग पिवळट वाटतात, यामागे मोतीबिंदू असू शकतो. मशीनचे चाक किंवा पेटीच्या पट्ट्या ‘जड’ झाल्या असतील, तर अंगठ्याच्या मुळाशी किंवा बोटांच्या सांध्यांत झीज आहे का ते पाहावे. श्रवणयंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी यांनी यातले बरेच काही सुधारते. कारागिराशी तिसऱ्यांदा भांडण्यापेक्षा एकदा डॉक्टरांकडे जाणे स्वस्त पडते. अर्थात ही शंका घरच्यांनी सांभाळून बोलून दाखवावी. ‘पेटी ठीक आहे, तुमचाच कान गेलाय’ हे वाक्य कोणाच्याही उपयोगाचे नाही.

जिव्हाळा आणि साठवणुकीचा विकार यांतही गल्लत करू नये. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेत हा विकार स्वतंत्रपणे नोंदवला गेला. उपयोग असो वा नसो, कोणतीच वस्तू टाकता न येणे, टाकण्याच्या कल्पनेने फार त्रास होणे आणि पसाऱ्यामुळे घरातल्या खोल्या वापरताच न येणे ही त्याची खूण आहे. एक पेटी जिवापाड जपणे म्हणजे विकार नव्हे. पण दुरुस्तीच्या नावाखाली दहा बंद टेपरेकॉर्डर आणि वीस रेडिओ पलंगावर येऊन बसले असतील, झोपायला जागा उरली नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. घरच्यांनी ते गुपचूप भंगारात देऊ नयेत, त्याने त्रास वाढतो.

दुरुस्तीला देण्यापूर्वी

गैरसमज टाळण्याचे उपाय साधे आहेत. त्यांना पैसे लागत नाहीत, दहा मिनिटे लागतात.

पहिला उपाय म्हणजे आपल्याच मनाला विचारणे. आठवण नेमकी कुठे आहे? पट्ट्यांच्या झिजेत, लाकडाच्या रंगात, आवाजात की कातडी केसवर कोरलेल्या नावात? उत्तर मिळाले की ‘काय करा’ याच्याआधी ‘काय करू नका’ ते सांगावे. ‘काका, भाता आणि सूर बघा, पण पट्ट्यांना आणि पॉलिशला हात लावू नका’ हे वाक्य ‘पहिल्यासारखं करा’ याच्यापेक्षा शंभरपट स्पष्ट आहे. लाजण्याचे कारण नाही. ‘ही वडिलांची आहे’ एवढे कळले तरी बहुतेक कारागीर हात जपून चालवतात.

दुसरा उपाय, देण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत. वाद्य असेल तर जे काही वाजते ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. नंतरचा ‘आधी असं नव्हतं’ हा वाद स्मरणशक्तीवर सोडू नये. स्मरणशक्ती प्रत्येक वेळी थोडी बदलून सांगते आणि आवडत्या वस्तूच्या बाबतीत तर नेहमी चांगलेच सांगते.

तिसरा, पावतीवर काम, अंदाजे खर्च आणि तारीख लिहून घ्यावी. उघडल्यावर वेगळा बिघाड निघाला तर आधी फोन करावा, असेही लिहावे. जुनी वस्तू उघडल्याशिवाय पूर्ण अंदाज देता येत नाही, ही कारागिराची अडचण खरी आहे. म्हणूनच आकड्याची वरची मर्यादा दोघांनी मिळून ठरवावी.

चौथा, काढलेले सुटे भाग परत मागावेत. कारागिराच्या दृष्टीने तो कचरा असतो. आपल्याला त्यांतली एखादी झिजलेली पट्टी हवी असू शकते.

कारागिरांसाठी उपाय एकच आहे, एक प्रश्न विचारण्याचा. ‘यात काय आहे तसंच ठेवू?’ हा प्रश्न विचारणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. आणि ‘यापेक्षा नवी घ्या’ असे सांगायचेच असेल, तर आधी ‘ही कोणाची?’ असे विचारावे.

एवढे करूनही तंटा झाला तर कायद्याचा आधार आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली उणीवही विचारात घेतो. राष्ट्रीय ग्राहक मदतवाणीचा क्रमांक १९१५ आहे. कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती द्यावी यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्याचा रोख मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने आणि शेतीची यंत्रे यांवर आहे. वडिलांच्या पेटीला किंवा पन्नास वर्षांच्या कॅमेऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे आपल्या बोलण्यावर आणि कारागिराच्या हातावरच भिस्त ठेवावी लागते. असे हात आता कमी होत चालले आहेत. पुढची पिढी या धंद्यात येत नाही, सुटे भाग मिळत नाहीत आणि मिळणारी मजुरी कामाच्या मानाने थोडी असते. म्हणून झालेले काम पटले तर तसे सांगावे आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत.

शेवटचा उपाय वस्तू घरी आल्यानंतरचा आहे. पहिल्या दिवशी निकाल देऊ नये. स्प्रिंग, कातडे, तारा नव्या असतील तर त्यांना रुळायला वेळ लागतो आणि आपल्या बोटांनाही लागतो. रोज अर्धा तास याप्रमाणे दोन-तीन आठवडे वाजवून, वापरून बघावे. ज्या मेंदूने जुनी पेटी हाताच्या नकाशात सामावून घेतली होती, तोच दुरुस्त झालेली पेटीही घेऊ शकतो. त्यानंतरही काही खटकले तर यादी करून, फोटो आणि ध्वनिमुद्रण घेऊन कारागिराकडे जावे. तोपर्यंत रागही ओसरलेला असतो आणि काय हवे आहे तेही शब्दांत सांगता येते.